रविवारची मोगरी

१

रविवारी दुपारी गाव झोपायचं. सकाळी चर्च, मग घरी येऊन अंगणातल्या खड्ड्यावरची माती बाजूला सारायची, तापल्या दगडांवरून अळूच्या पानात बांधलेलं मटण आणि कोनफळं काढायची, नारळाच्या दुधात माखलेली बोटं चाटत पोटभर जेवायचं, आणि चटईवर आडवं व्हायचं. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा होईपर्यंत रस्त्यावर माणूस दिसत नसे. त्या दिवशी काम करायचं नाही, हे टोंगाच्या बेटांवर कुणी कुणाला सांगायची गरज नसते. दोरीवर एखादा कपडा विसरून राहिला तरी सोमवारी पाद्रीबाबा दारात हजर.

म्हणूनच तोकिलुपेला, गावाच्या लुपेला, तो आवाज आला तेव्हा आधी वाटलं, आपण झोपेत आहोत.

टक्. टक्. टुक्.

परसातल्या कामाच्या छपरातून येत होता. लाकडी मोगरीचा. तुतीची ओली साल ओंडक्यावर ठेवून चौकोनी मोगरीनं कुटतात, कुटून कुटून हातभर रुंद करतात, अशा पट्ट्या खळीनं जोडून कापड होतं. त्याला गावात न्गातू म्हणतात. लुपे याच आवाजात वाढली होती. नुकती भिजलेली साल बसकी बोलते, पातळ होत आली की आवाज टणक होतो. हा बसका होता. कुणीतरी नवी साल घेतली होती.

ती उठून बसली. शेजारी केलेपी, तिचा नवरा, भिंतीकडे तोंड करून झोपला होता.

"ऐकतोयस का?" तिनं विचारलं.

तो हलला नाही.

कुणाचं तरी पोर असेल, तिनं मनाशी म्हटलं. पण पोराच्या हाताला असा ताल नसतो. दोन ठोके जोरात, एक हलका. मग साल उलटायला लागेल एवढी विश्रांती. पुन्हा दोन जोरात, एक हलका. लुपे चटईवर बसून ऐकत राहिली. उठून दहा पावलं जायचं आणि बघायचं, एवढंच होतं. ती गेली नाही. घंटा झाली तसा आवाज थांबला.

२

सोमवारी बायका नेहमीप्रमाणे छपराखाली जमल्या. लुपेनं सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "काल कुणी कुटत होतं का गं?"

"रविवारी?" शेजारची फिफिता हसली. "माझ्या नवऱ्याच्या घोरण्याचा आवाज असेल. त्याला कुणी कुटलं तर मीच पुण्य समजेन."

बाकीच्या हसल्या. सिउतीती हसली नाही. ती केलेपीची थोरली बहीण, लुपेची नणंद. टोंगात आत्याचा मान बापाहून मोठा. भाचरांच्या लग्नात पहिला शब्द तिचा आणि मयतीत शेवटचा. बसायची तीसुद्धा अशी, की ओंडका तिच्याकडे बघून सरळ व्हावा.

"लुपे," ती म्हणाली, "सहा महिने झाले."

"हो, वन्सं."

"पोरीचं काहीतरी करायला हवं. देह नाही मिळाला तर नाही. कापड तरी मातीत द्यायला नको? मी आत्या आहे तिची. लोक मला विचारतात, मी काय सांगू?"

"मला ऑकलंडचं काम संपवायचंय आधी."

सिउतीतीनं मोगरी खाली ठेवली. "तुझं कापड लोक भिंतीवर टांगतात, बाई. आमचं कापड माणसावर घालतात. एवढाच फरक आहे आपल्यात."

गोष्ट खोटी नव्हती. लुपे गावाच्या मापानं मोठी बाई झाली होती. आजीच्या वेळच्या नक्षीत ती विजेचे खांब काढायची, विमानतळावर रडणाऱ्या बायका काढायची, काजळीच्या काळ्यात आणि मातीच्या तांबड्यात. परदेशातून माणसं तिचं छप्पर बघायला येत. ऑकलंडच्या प्रदर्शनासाठी तिला उत्तरेच्या बेटावरची गडद तांबडी माती हवी होती. ती आणायला तिनं हिवाला पाठवलं. एकोणीस वर्षांची, तिची एकुलती एक. येताना होडी उलटली. होडीवाला विलिसोनी रिकाम्या पिंपाला धरून रात्रभर तरंगला आणि वाचला. हिवा सापडली नाही.

तिला कुणी पाठवलं होतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. सहा महिन्यांत एकानंही ते तोंडातून काढलं नव्हतं. लुपेला वाटायचं, कुणीतरी काढावं.

बायका गेल्यावर तिनं छप्पर आवरलं. साल भिजत घालायला अर्धं कापलेलं निळं पिंप होतं. शनिवारी तिनं त्यात स्वतःच्या आठ साली टाकल्या होत्या. मोजल्या. सात होत्या. ओंडक्यामागच्या तारेवर एक पट्टी वाळत होती.

३

तिनं ती उन्हाकडे धरली. चांगली कुटलेली होती, एकसारखी, फक्त एका कडेला गरजेपेक्षा पातळ होऊन भोक पडलं होतं, आणि त्यावर नखाएवढं ठिगळ चिकटवलं होतं.

लुपेनं ते ठिगळ बोटानं चाचपलं.

हिवाच्या प्रत्येक पट्टीला तिथंच भोक पडायचं. डाव्या कडेला, टोकापासून वीतभर. सात वर्षांची असल्यापासून. लुपे तिच्या हातातून पट्टी घ्यायची, उजेडाकडे धरायची आणि एकच शब्द बोलायची, "अजून." म्हणजे अजून कूट, अजून सारखी कर, अजून तू शिकली नाहीस. पोर न कुरकुरता पुन्हा बसायची. आईला तिनं कधी नाही म्हटलं नव्हतं.

जुनी पट्टी असेल, लुपेनं स्वतःला समजावलं. घड्यांत कुठंतरी राहिली असेल, बायकांपैकी कुणी काढून टांगली असेल. पण पट्टी अजून दमट होती. तिनं कडा जिभेला लावली. पिंपात पावसाचं गोडं पाणी होतं. पट्टी खारट होती.

पुढच्या शनिवारी तिनं ओंडक्याभोवती जमिनीवर काजळी भुरभुरली, पातळ, चाळणीनं. माणूस असेल तर पाऊल उमटेल. रविवारी जेवण झाल्यावर ती आडवी झाली आणि वाट बघत राहिली.

टक्. टक्. टुक्.

या वेळी दोन पट्ट्या झाल्या. काजळीत पाऊल नव्हतं. ओंडक्याच्या एका बाजूला, कुटायला बसणाऱ्या बाईच्या मांडीएवढ्या जागेत, काजळी धुऊन गेली होती. खालची माती चिखल झाली होती. बाकी सगळीकडे थेंब. केसांतून पडतात तसे.

कुणीही शहाणी बाई पाद्रीबाबाकडे गेली असती, किंवा नणंदेकडे. लुपेनं काजळी झाडून टाकली, पट्ट्या घडी करून आपल्या कपड्यांखाली ठेवल्या, आणि पुढच्या शनिवारी पिंपात पंधरा साली टाकल्या.

४

आठवड्याचे सहा दिवस तिच्यासाठी नुसते मध्ये पडलेले झाले. ती जेवायची, बायकांशी बोलायची, ऑकलंडहून फोन आला की "होतंय, होतंय" म्हणायची. शुक्रवारी कोयता घेऊन तुतीच्या वाडीत जायची, सरळ, गाठ नसलेल्या काठ्या निवडायची. वरची साल खरवडताना गुणगुणायची. फिफितानं बघितलं आणि म्हणाली, "आज स्वारी खुशीत?"

"काम चाललंय," लुपे म्हणाली.

"कुणाचं?"

लुपेनं खरवडायला पुढची काठी ओढून घेतली.

पाचवा रविवार आला तेव्हा घडीत अकरा पट्ट्या होत्या. त्या दिवशी आवाज लवकर सुरू झाला, केलेपी हात धूत होता तेव्हाच. लुपेनं त्याच्याकडे पाहिलं. तो हात धूतच राहिला. पाणी संपलं तरी.

त्या दिवशी आवाजात फरक होता. ठोके संथ झाले होते, दोन जोरातले आता तेवढे जोरात नव्हते. आणि प्रत्येक ठोक्यानंतर काहीतरी चिकटून सुटल्यासारखा ओला आवाज यायचा.

त्यानंतरच्या आठवड्यात विलिसोनी घरी आला. होडी उलटल्यापासून पहिल्यांदा. उंबऱ्याबाहेरच बसला, मान खाली घालून. कमरेला फाटकी चटई, दुखवट्यात गुंडाळतात तशी. "काकी," तो म्हणाला, "एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. पाणी भरायला लागलं तेव्हा मी तिला म्हटलं, ती मातीची गोणी टाक, पिंप धर. तिनं गोणी मांडीवर घेतली होती. टाकेना. म्हणाली, आईनं आणायला सांगितलंय."

लुपेनं त्याला चहा दिला. तो पिऊन जाईपर्यंत ती नीट बसली होती. मग परसात जाऊन तोंडात कपड्याचा बोळा कोंबून ओरडली.

आणि तरी शनिवारी तिनं वीस साली भिजत घातल्या.

५

सहाव्या रविवारी ती उठली.

दुपारचं ऊन पांढरं होतं. अंगणात भट्टीच्या दगडांना अजून धग होती. डुकराची पिल्लं केळीखाली एकावर एक पडून झोपली होती. छपराला घराकडच्या बाजूनं झावळ्यांचा आडोसा होता, त्याच्या फटींतून आतली सावली दिसत होती. प्रत्येक पावलाला लुपेला वाटे, आता थांबेल. थांबलं नाही. ठोका पडत होता, ओला, दमलेला.

झावळ्यांशी ती उभी राहिली. मला फक्त बघायचंय, ती मनात म्हणाली. मी हात लावणार नाही.

आधी पाठ दिसली. ओले केस पाठीला चिकटलेले, आणि त्यांतून पाणी निथळत होतं, निथळत होतं, जणू ते केस अजून पाण्यातच होते. उजवा खांदा खाली उतरलेला, दमल्यावर उतरायचा तसा. लुपेची नजर खांद्यावरून खाली गेली, मोगरी धरलेल्या हातावर, आणि साल धरून ठेवणाऱ्या दुसऱ्या हातावर. तो दुसरा हात भिजून पांढराफटक पडला होता आणि त्याचे पदर सुटले होते, लांब, मऊ, ओंडक्यावर पसरलेले. मोगरी उठत होती आणि पडत होती. साल कुठं संपते आणि हात कुठं सुरू होतो, ते लुपेला कळलं नाही.

मोगरी थांबली.

मान किंचित कलली. मागं वळली नाही, नुसती कलली. ही मान लुपे ओळखत होती. पट्टी उजेडाकडे धरल्यावर आई काय म्हणते, याची वाट बघणारी मान.

आणि तेव्हा लुपेला उमगलं. पिंपात साल आहे तोवर ही उठणार नाही. जगात कुणी काम करत नाही त्या दिवशी ही काम करतेय, आणि ती साल शनिवारी मी टाकतेय. मी.

"अजून" हा शब्द तिच्या जिभेवर होता. खरं सांगायचं तर तोच आधी आला. एक रविवार. एकच. पोर बसेल, ती कधी नाही म्हणायची नाही. लुपेनं झावळी मुठीत धरली, पातं तळव्यात घुसलं, आणि ती म्हणाली,

"पुरे."

तिचा आवाज फुटला. तिनं पुन्हा म्हटलं, नीट, ऐकू जाईल असं.

"पुरे, बाळा. छान झालंय. खूप छान झालंय. ऊठ आता."

एकोणीस वर्षांत हे शब्द तिनं पहिल्यांदा उच्चारले होते. कललेली मान थोडा वेळ तशीच होती, जणू बरोबर ऐकलं ना याची खात्री करत होती. मग लुपेच्या डोळ्यांत पाणी भरलं आणि तिला पापणी मिटावी लागली. उघडली तेव्हा मोगरी जमिनीवर पडलेली होती आणि ओंडक्यावरून पाण्याचा एक ओघळ हळूहळू खाली येत होता.

६

सोमवारी तिनं पिंप रिकामं केलं आणि सगळ्या पट्ट्या नणंदेच्या पुढ्यात ठेवल्या.

"वन्सं, कापड जोडू या."

सिउतीतीनं एकेक पट्टी उचलली. प्रत्येकीच्या डाव्या कडेला नखाएवढं ठिगळ. तिसऱ्या पट्टीनंतर तिचे हात मंद झाले. "या कधी कुटल्या तिनं?"

लुपेनं पुढची पट्टी तिच्या हातात दिली.

सिउतीतीनं बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग ती इतरांकडे वळून खेकसली, "बघता काय? कंद शिजवा, खळ करा. आज कुणी हसलेलं मला चालणार नाही." फिफितानं मान खाली घालून खळीचं भांडं ढवळायला घेतलं.

दोन दिवसांत कापड झालं. लांबी-रुंदीला एका माणसापुरतं, ना कमी ना जास्त. लुपेनं त्यावर काही काढलं नाही. काजळी नाही, माती नाही. ऑकलंडला फोन करून तिनं सांगितलं की काम येणार नाही. का, ते सांगितलं नाही. रिकाम्या खड्ड्यात कापड उतरवलं तेव्हा आत्या म्हणून सिउतीती डोक्याशी बसली होती. चर्चची मंडळी गात होती. परतल्यावर सिउतीतीनं कात्री आणली आणि लुपेचे केस मानेपासून कापले, दुखवट्याची रीत म्हणून. कापताना ती एकदाच बोलली, अगदी कानाशी.

"तू पाठवलंस म्हणून ती गेली. मी इतके महिने हे गिळून बसलेय. आज बोलले, आता नाही बोलणार."

"बरं केलंत, वन्सं," लुपे म्हणाली, आणि खूप दिवसांनी मोकळी रडली.

पुढचा रविवार शांत गेला. इतका शांत, की लुपेला झावळ्यांत वारा फिरलेला ऐकू येत होता. केलेपी भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिला झोप लागली.

७

त्यानंतरच्या शनिवारी ऊन कलताना ती केळीची पानं आणायला परसात गेली, तर छपराखाली केलेपी होता. पिंपापाशी उकिडवा. त्याची बोटं कापली होती, रक्त वाळलं होतं. शेजारी तुतीच्या काठ्यांचा ढीग, वेड्यावाकड्या, गाठींच्या. आयुष्यात त्यानं हे बायकांचं काम केलं नव्हतं. पिंपात साली तरंगत होत्या, काहींची वरची हिरवी पाठ तशीच.

"केलेपी. हे काय?"

तो वर बघेना. "तू ऐकत होतीस. मीपण ऐकत होतो. पहिल्या रविवारपासून."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर बंद झालं असतं." त्यानं ओल्या हातानं तोंड पुसलं. "तू जाऊन बघून आलीस. मी नुसता पडून राहिलो. भ्यालो, लुपे. बाप असून भ्यालो. आणि तू मला न विचारता तिला पाठवून दिलंस. पहिल्यांदाही विचारलं नव्हतंस."

लुपे त्याच्या शेजारी बसली. मग तिनं त्याला हाताबद्दल सांगितलं. पाठीबद्दल नाही, केसांबद्दल नाही, फक्त त्या दुसऱ्या हाताबद्दल, आणि ठोक्यामागून येणाऱ्या त्या ओल्या आवाजाबद्दल, जो त्यानंही ऐकला होता. सांगून झालं तेव्हा त्याचे खांदे हलत होते.

"दुखत असेल का गं?"

"माहीत नाही," लुपे म्हणाली. "पण आपण सांगितलं तर ती करेल. तेच वाईट आहे."

चर्चमध्ये उद्याच्या गाण्यांची तालीम सुरू झाली होती, पुरुषांचे जाड आवाज आधी. केलेपीनं पिंपात हात घातला आणि एक साल बाहेर काढली. पिळून बाजूला ठेवली. दुसरी काढली. तिसरी. लुपे मोजत नव्हती. शेवटची साल उरली ती तळाशी होती. त्यानं टोक धरून ओढलं. आली नाही.

"अडकलीय," तो म्हणाला, आणि पुन्हा ओढलं.

पाणी मांडीपर्यंतसुद्धा खोल नव्हतं. निळा तळ स्वच्छ दिसत होता, आणि त्यात साल सरळ ताणलेली दिसत होती, आणि तिच्या पलीकडच्या टोकाला काही नव्हतं. केलेपीचा चेहरा बदलला. हाताला ओढ लागत होती. हलकी, पण माणसाची.

लुपेनं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"ओढू नकोस."

"लुपे..."

"ओढू नकोस. सोडूही नकोस. धरून ठेव फक्त."

त्यानं धरून ठेवलं. दोघं पिंपाशी गुडघे टेकून बसली. तिकडे बायकांचे आवाज गाण्यात मिसळले, ऊन ओंडक्यावरून सरकून जमिनीवर आलं. केलेपी कुजबुजत काहीतरी बोलत होता, तिला नाही, पाण्याला. तिनं ऐकायचा प्रयत्न केला नाही. ते बाप-लेकीचं होतं.

बऱ्याच वेळानं पलीकडची ओढ सैल होऊ लागली. एकदम नाही. झोपी जाणाऱ्या लेकराच्या मुठीतून आपलं बोट सुटतं तशी, थोडी, मग अजून थोडी, आणि मग साल त्याच्या हातात हलकी होऊन वर आली.